चवथीनंतर भरलेले १९० फॉर्म

प्रश्न: आमचं कॉलेज फोंडा तालुक्यात आहे. मी शिकवते आणि समुपदेशन कक्षही माझ्याकडेच आहे. चवथीची (गणेशचतुर्थीची) सुट्टी संपून कॉलेज सुरू झालं त्याच आठवड्यात वर्गावर्गात गुगल फॉर्मवर पीएचक्यू-९ (नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली, दर प्रश्नाला ० ते ३ गुण) आणि जीएडी-७ (चिंतेची, सात प्रश्नांची) भरून घेतले. नावं विचारली नाहीत. समाज आणि मूळ राज्य तेवढं विचारलं. १९० फॉर्म आले. पीएचक्यूवर १० किंवा जास्त गुण असलेले असे: ईशान्य भारतातल्या १४ पैकी ५, गावडा-कुणबी-वेळीप (एसटी, म्हणजे अनुसूचित जमाती) मिळून ३६ पैकी ३, आफ्रिकेतून आलेल्या चौघांपैकी एकही नाही, बाकीच्या १३६ पैकी २४. चिंतेच्या फॉर्मचं चित्रही साधारण तसंच. स्टाफरूममध्ये दोन मतं निघाली. एक, ईशान्येकडची मुलं मनाने हळवी. दोन, आमच्या एसटी मुलांना कष्टाची सवय, त्यांना डिप्रेशन-बिप्रेशन होत नाही. मला दोन्ही खटकतं, पण आकडे समोर आहेत. त्यांवर चर्चासत्रात पेपर वाचायचा आहे, आणि ईशान्येकडच्या मुलांसाठी खास कार्यशाळा घ्यावी असं प्राचार्य म्हणतात. सांगे तालुक्यातली एक वेळीप मुलगी फॉर्म भरल्यानंतर चारच दिवसांत यायची बंद झाली. भरताना ती माझ्या शेजारीच बसली होती, गुण फक्त २ होते. फोन केला तर म्हणते, 'तकली जड जाता' (डोकं जड होतं). तिचं काय करू?
ता. क. नवव्या प्रश्नावर सहा जणांनी शून्य सोडून दुसरं उत्तर दिलं आहे, ते लिहायचं राहिलं.

उत्तर: तुमच्या पत्रातली सगळ्यांत निकडीची ओळ ताजा कलमात गेली आहे, म्हणून सुरुवात तिथूनच. फॉर्म भरून महिना होत आला. पेपर, कार्यशाळा, स्टाफरूमची मतं हे सगळं उद्या. हे आज.

गेल्या दोन आठवड्यांत मेलेलं बरं, किंवा स्वतःला इजा करावी, असं किती वेळा वाटलं, हे नववा प्रश्न विचारतो. 'काही दिवस' अशी खूण करणारं प्रत्येक मूल धोक्यात असतं असं नाही. थकून, वैतागून तसा विचार शिवून गेलेलेही त्यात असतात. पण कोण कशातलं हे कागद सांगत नाही, तोंडाने विचारावं लागतं. म्हणून हा प्रश्न निनावी फॉर्ममध्ये घालायचा नसतो. ज्या दिवशी उत्तर येईल त्याच दिवशी त्या मुलापर्यंत पोचता आलं पाहिजे. निनावी पाहणीसाठी याच प्रश्नावलीची नववा प्रश्न गाळलेली पीएचक्यू-८ आहे. तिचे गुण ० ते २४, आणि १० ची रेषा तीच. पुढच्या वेळी ती घ्या.

आता उत्तरांची शीट उघडा आणि पहिले दोन रकाने बघा. कॉलेजच्या अकाउंटवरून बनवलेल्या फॉर्ममध्ये ईमेल जमा करायची सेटिंग कधीकधी सुरूच राहून जाते. तुमच्या शीटमध्ये ईमेल आले असतील तर फॉर्म निनावी नव्हताच, आणि मुलांना दिलेला शब्द मोडला गेला आहे. तरीही त्या सहा जणांना भेटा. एकेकट्याला, तुम्ही स्वतः. वर्गशिक्षकामार्फत नाही, शिपायाकडून चिठ्ठी पाठवून तर नाहीच. पहिलं वाक्य कबुलीचं असू द्या: 'फॉर्म निनावी आहे असं मी सांगितलं होतं, तुझा ईमेल त्यात आला, चूक माझी. पण तू जे लिहिलंस ते वाचून मला गप्प बसवेना.' बाकीच्या १८४ जणांचे ईमेल त्याच दिवशी शीटमधून काढून टाका.

ईमेल नसतील तर हाताचं अक्षर शोधल्यासारखं वर्ग, समाज, वेळ जुळवत बसू नका. आज संध्याकाळी १९० जणांना एकच मेसेज जाऊ दे: 'मागच्या महिन्याच्या फॉर्ममध्ये काही जणांनी जीव नकोसा वाटल्याचं लिहिलं आहे. कोणी, ते आम्हाला कळलेलं नाही आणि आम्ही शोधणारही नाही. लिहिणाऱ्याने मला या नंबरवर फोन करावा, किंवा नुसतं हो असं पाठवावं, मी फोन करते. रात्री-अपरात्री १४४१६.' हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर. फोन फुकट, सेवा चोवीस तास, भाषा निवडता येते. मेसेज मराठी, कोकणी आणि इंग्रजी तिन्हींत पाठवा. लांबलचक लिहू नका. मानसिक आरोग्याचं महत्त्व वगैरे दोन परिच्छेद आले की खालच्या नंबरापर्यंत कोणी जात नाही.

समोर बसल्यावर आडवळणाने विचारायचं नाही. 'जीव द्यावा असं मनात येतं का?', किंवा कोकणीत, 'जीव दिवपाचें मनांत येता?' विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही. उलट बऱ्याच मुलांना हायसं वाटतं. हो म्हटलं तर पुढे तीन गोष्टी: काही ठरवलं आहे का, कधी, आणि आधी कधी प्रयत्न झाला होता का. यातल्या कशालाही हो आलं तर मुलाला एकटं सोडायचं नाही. खोलीतली धोक्याची वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात जाते, आणि सोबत कोणाला तरी घेऊन बांबोळीला आयपीएचबीत, म्हणजे मानसोपचार इस्पितळात जायचं. वाहन नसेल तर १०८. हॉस्टेलवाले 'पोलीस केस होईल' म्हणून दडपतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या ११५ व्या कलमाने ती भीती काढून टाकली आहे: प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं कायदा धरून चालतो, तिच्यावर खटला भरत नाही.

जाता जाता, बांबोळीची एक सोय गोव्याबाहेरच्यांना कळत नाही. गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजही तिथेच, आयपीएचबीही तिथेच. 'बांबोळीला गेलो होतो' म्हटलं तर वाड्यावर कोणी भुवया उंचावत नाही. डोळे दाखवायलाही माणूस बांबोळीलाच जातो. लाजणाऱ्या मुलाला हे जरूर सांगा.

आता आकड्यांकडे. १४ पैकी ५ म्हणजे ३६ टक्के. त्यातल्या एका मुलाने एका प्रश्नावर थोडं वेगळं उत्तर दिलं असतं तर ४ झाले असते, म्हणजे २९ टक्के. इतक्या छोट्या गटात एका मुलामागे टक्केवारी सातने हलते. ९५ टक्के विश्वासाची मर्यादा काढली तर या पाच जणांवरून खरा आकडा १६ पासून ६१ पर्यंत कुठेही असू शकतो. एसटी गटाचे ८ टक्के तसेच ३ ते २२ च्या मध्ये. बाकीच्या मुलांचे १८ टक्के या दोन्ही पट्ट्यांत बसतात. म्हणजे तुमच्याच आकड्यांवरून 'हळवे' आणि 'कणखर' हे दोन्ही निष्कर्ष निघत नाहीत. स्टाफरूमला एवढं एक गणित पुरे आहे.

पण आम्हाला त्याहून मोठी अडचण दिसते ती तारखेची. पीएचक्यू गेल्या दोन आठवड्यांचं विचारतो, आणि तुम्ही विचारलं चवथीनंतर लगेच. ते दोन आठवडे आठवा. इथली मुलं घरी होती: माटोळी बांधली, आरत्या झाल्या, नेवऱ्या खाल्ल्या, मामाकडे जाऊन आली. हॉस्टेलची मेस बंद. बाजारात निम्मी हॉटेलं बंद. मणिपूर, नागालँडची मुलं रिकाम्या इमारतीत मॅगी शिजवत बसली असतील. चार दिवस कोणाशी बोलणं नाही. मग तुम्ही विचारलंत, कशात मन लागत नाही असं किती दिवस वाटलं? त्या १४ जणांत मणिपूरचे किती, हेही बघा. तिथे ३ मे २०२३ पासून पेटलेल्या संघर्षाने हजारो कुटुंबं छावण्यांत गेली, महिनोन्‌महिने इंटरनेट बंद होतं. अशा घरचं मूल फोंड्यात झोपेविना रात्र काढत असेल तर त्याला हळवेपणा हे नाव नाही. आणि मैतेई, कुकी, नागा, खासी, मिझो ही सगळी एका रकान्यात टाकून 'ईशान्य भारत' म्हणणं म्हणजे कारवारपासून कच्छपर्यंतच्या मुलांना 'पश्चिम किनारा' म्हणण्यासारखं आहे. त्या रकान्यात एकमेकांची गावं जळताना पाहिलेली मुलं शेजारी-शेजारी बसलेली असू शकतात.

वंश आणि समाजानुसार विद्यार्थ्यांच्या नैराश्य-चिंतेचा मोठा माग अमेरिकेत घेतला गेला आहे, आणि तिथला अनुभव तुमच्या कामाचा आहे. हेल्दी माइंड्स या पाहणीतल्या २०१३ ते २०२१ या काळातल्या ३७३ कॉलेजांतल्या साडेतीन लाखांहून जास्त विद्यार्थ्यांच्या उत्तरांचं विश्लेषण २०२२ साली प्रसिद्ध झालं. सगळ्याच गटांत त्रास वाढला होता. नैराश्य, चिंता आणि जीव देण्याचे विचार यांची वाढ सर्वांत जास्त होती ती मूळनिवासी अमेरिकन विद्यार्थ्यांत. पण आमच्या मते महत्त्वाचा भाग दुसरा आहे. त्रास असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत किती पोचले, हे पाहिलं तर एशियन, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो विद्यार्थ्यांचं त्या आठ वर्षांतलं सर्वांत चांगलं वर्षही गोऱ्या विद्यार्थ्यांच्या सर्वांत वाईट वर्षाच्या वर गेलं नाही. म्हणजे लक्षणांतला फरक गटागणिक कमी-जास्त होतो, मदतीपर्यंत पोचण्यातला फरक मात्र ठाण मांडून बसतो. आणि 'एशियन' हा रकाना तिथेही तुमच्या 'ईशान्य'सारखाच फसवा: नुकताच शिकायला आलेला परदेशी विद्यार्थी, तिसऱ्या पिढीचा डॉक्टरचा मुलगा आणि निर्वासित कुटुंबातली मुलगी एकाच टक्क्यात.

तुमच्या फॉर्ममध्ये नेमका हा मदतीचा प्रश्नच नाही. एक ओळ वाढवा: 'गेल्या १२ महिन्यांत मनाच्या त्रासाबद्दल कोणाशी बोललात? समुपदेशक, डॉक्टर, शिक्षक, मित्र, घरचे, घाडी (भगत) किंवा देवस्थान, कोणाशीच नाही.' मग १० किंवा जास्त गुण असलेल्यांत 'कोणाशीच नाही' किती, हे गटागटाने बघा. आणि फॉर्मची वाट न बघता आजच समुपदेशन कक्षाची वही उघडून मागच्या वर्षभरात कोण आलं ते मोजा. ३६ एसटी मुलांपैकी एकही आलेलं नसेल तर त्या ८ टक्क्यांचा अर्थ बदलतो.

इथून तुमच्या सांग्याच्या मुलीकडे येऊ, कारण तिच्या दोन गुणांत सगळा घोळ दिसतो.

फॉर्म इंग्रजीत होता असं आम्ही धरतो, कारण भाषेबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही. 'फीलिंग डाउन' या शब्दांपाशी ती काय करणार? तिचा त्रास तकली जड जाण्यात आहे, काळीज धडधडण्यात आहे, जेवण न जाण्यात आहे. मन उदास आहे असं तिला वेगळं काढून सांगता येत नाही, आणि ते तिचं अज्ञान नव्हे. जगात बहुतेक ठिकाणी माणसं दुःख अंगावरच सांगतात. त्यातून ती तुमच्या शेजारी बसून भरत होती. ज्या बाई हजेरी लावतात, गुण देतात, त्यांच्या नजरेसमोर कोण '३' दाबेल? ती पहिली बस पकडायला साडेचारला उठत असेल, सावर्ड्याला बस बदलत असेल, तर झोप आणि थकवा या दोन प्रश्नांना तिने 'हे तर रोजचंच' म्हणून शून्य दिलेलं असणं सहज शक्य आहे. उलटही होतं: त्याच बसने येणारा दुसरा मुलगा त्याच दोन प्रश्नांना तीन-तीन देतो आणि नैराश्य नसताना सहा गुण मिळवतो. म्हणूनच ही प्रश्नावली चाळण आहे, निदान नव्हे. ५, १०, १५, २० या तिच्या पायऱ्या आहेत. १० ला थांबून माणसाशी बोलायचं, एवढाच त्या रेषेचा अर्थ.

तिच्या घरी जा, पण चौकशी पथक बनून नको. तिच्या विश्वासातली एक मैत्रीण सोबत घ्या. बोलणं डोकं जड होण्यापासूनच सुरू करा: कधी होतं, सकाळी की संध्याकाळी, त्या वेळी मनात काय चाललेलं असतं, जेवण कसं, झोप कशी, पाळी कशी. मग आधी आवडायचं ते आता करावंसं वाटतं का. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्यायला सांगा, कारण रक्त कमी असलं तरी माणूस असाच गळून जातो, आणि 'तपासणीला चल' हे 'मानसोपचाराला चल' यापेक्षा घरच्यांना सोपं जातं. घरच्यांनी दिश्ट काढली असेल, घाडीला विचारलं असेल, तर त्यावर तोंड वाकडं करू नका. 'ते करा, हेही करा' म्हणणाऱ्याचं ऐकलं जातं. हसणाऱ्यासाठी दार बंद होतं. आणि तिच्या गैरहजेरीमागे मन नसेलही. बसचा पास संपला, शिष्यवृत्ती आली नाही, घरात कोणी आजारी, लग्नाचं चाललंय: हे चारही विचारा.

त्या चार आफ्रिकन विद्यार्थ्यांच्या शून्याबद्दल एवढंच: परदेशी विद्यार्थ्याचा व्हिसा आणि नोंदणी कॉलेजच्या कागदांवर चालते. कॉलेजच्याच फॉर्ममध्ये 'मला त्रास होतो' असं तो कशाला लिहील? चौघांचं शून्य हे प्रकृतीचं उत्तर म्हणून वाचू नका. आणि चौघांचा वेगळा रकाना पेपरात छापूही नका, कॉलेजात सगळे त्यांना चेहऱ्याने ओळखतात. दहापेक्षा लहान गट वेगळा दाखवायचा नाही, असा नियम स्वतःला घालून घ्या.

मग फरक कुठून येतो? भेदभावाचा अनुभव आणि नैराश्य-चिंता यांचं नातं अनेक देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा सापडलं आहे, आणि तो अनुभव बहुतेक वेळा मोठ्या घटनेचा नसतो, रोजच्या किरकोळ गोष्टींचा असतो. तुमच्या कॉलेजातलं एक दृश्य घ्या, आमचा अंदाज आहे की ते तुमच्याकडेही घडतं. तास चालू आहे. शिपाई दारात येतो, हातात ऑफिसची यादी. 'एसटीवाल्यांनी कागद घेऊन खाली यावं.' सहा मुलं उठतात, सत्तर माना वळतात. मागच्या बाकावरून कोणी तरी पुटपुटतं. गावडा, कुणबी आणि वेळीप समाज २००३ मध्ये अनुसूचित जमातींच्या यादीत आले. म्हणजे तुमच्या वर्गातली मुलं त्या सवलतीत वाढलेल्या पहिल्या पिढीची आहेत, आणि 'कोट्यातला' हा शब्द त्यांनी शाळेपासून ऐकला आहे. अशी हाक वर्षातून आठ-दहा वेळा आली की मूल शिष्यवृत्तीचा फॉर्मच भरायचं टाळतं. पुढे फी थकते आणि ते घरी बसतं. आपण त्याला गळती म्हणतो. हे थांबवायला एक पैसा लागत नाही: ऑफिसने ज्याच्या-त्याच्या फोनवर मेसेज पाठवायचा, वर्गात यादी वाचायची नाही. प्राचार्यांचं एका ओळीचं परिपत्रक पुरे. कार्यशाळेच्या आधी हे करून घ्या.

'चिंकी', 'घाटी', 'काळ्या', 'कोटा' हे शब्द गंमत म्हणून चालवून घेतले जातात. यूजीसीने २०१६ मध्ये रॅगिंगची व्याख्या वाढवली. वंश, रंग, जात, प्रदेश, भाषा, दिसणं, राष्ट्रीयत्व यांवरून केलेला शारीरिक किंवा मानसिक छळ, त्यात वाळीत टाकणंही, आता रॅगिंगमध्येच मोडतो, आणि तो फक्त पहिल्या वर्षाच्या मुलांपुरता नाही. तक्रारीचा फोन १८००-१८०-५५२२. यूजीसीच्या २०१२ च्या नियमांनुसार कॉलेजात समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असायला हवा. तुमच्याकडे तो कोण आहे, हे दहा मुलांना विचारून बघा. उत्तर आलं नाही तर पद कागदावरच आहे असं समजा. समुपदेशक आणि हा अधिकारी एकच व्यक्ती मात्र असू नये. रडायला येणाऱ्या मुलाला आपल्या बोलण्याची तक्रार होऊन बसेल अशी धास्ती राहता कामा नये, आणि तक्रार करणाऱ्याला 'तुला समुपदेशनाची गरज आहे' असं उत्तर मिळता कामा नये. हे दुसरं फार घडतं.

ईशान्येकडच्या मुलांसाठी खास कार्यशाळा घेऊ नका. सभागृहाच्या दारावर तो फलक लागला की त्या १४ जणांवर शिक्का बसेल आणि बाकीच्या २४ जणांना आपल्याला काही नाही असं वाटेल. हिशेब बघा: १० किंवा जास्त गुण असलेले तुमच्याकडे एकूण ३२ आहेत, त्यातले २४ 'बाकीच्या' रकान्यातले. बोलायचं तर सगळ्या वर्गांशी बोला, आणि १४ जणांसाठी जे करायचं ते भाषणाशिवाय करा. पुढच्या चवथीला, नाताळला मेसचा एक स्वयंपाकी ठेवा. सुट्टीत हॉस्टेलवर एक शिक्षक रोज तासभर. बाहेर खोली शोधताना मालक 'त्या लोकांना देत नाही' म्हणतो तेव्हा सोबत जाऊन बोलणारा एक स्थानिक माणूस. मणिपूरच्या मुलांना फी भरायला मुदत.

त्यांच्याच समाजाचा समुपदेशक शोधावा का, असं तुम्ही विचारलं नाही, पण प्राचार्य विचारतील. आपल्यातला समुपदेशक मिळावा असं बऱ्याच जणांना वाटतं, हे संशोधनात दिसतं. पण वंश जुळल्याने उपचाराचा फायदा जास्त होतो, असं अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात जवळपास दिसत नाही. भाषा जुळणं वेगळं. कोकणीत बोलू शकणारी एक व्यक्ती आणि इंग्रजीत किंवा हिंदीत मोकळेपणी ऐकणारी एक, एवढं आधी बघा. सर्वोच्च न्यायालयाच्या २५ जुलै २०२५ च्या निकालानुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेला किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावाच लागतो. शिकवता शिकवता कक्ष सांभाळणाऱ्या प्राध्यापिकेवर ते भागवायचं नाही. पद मागताना पत्रात ही तारीख घाला.

पद भरेपर्यंत काय करता येईल, याचं उत्तर गोव्यातच तयार झालेलं आहे. पर्वरीच्या संगात संस्थेने इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण नीट प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडून तीव्र नैराश्यावर सहा ते आठ बैठकांचा उपचार करून पाहिला. निष्कर्ष २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये आले, आणि उपचार उपयोगी ठरला. त्याचा गाभा साधा आहे: मन लागल्यावर कामाला लागू असं न म्हणता, छोट्या कामापासून सुरुवात करायची आणि मन मागून येतं का ते बघायचं. पहिल्या आठवड्यात मूल नुसतं टिपतं: दर दोन तासांनी काय केलं, मूड १० पैकी किती. खोलीत फोन बघत पडलो, २. मित्राबरोबर चहा, ४. फुटबॉल, ६. पुढच्या आठवड्यात जिथे आकडा वर गेला तिथली दोनच कामं, दिवस आणि वेळ ठरवून. इथे चूक होते ती एकच: समुपदेशक उत्साहाने दहा कामं देतो, मुलाची दोन होतात, आणि 'माझ्याने काहीच होत नाही' याला पुरावा मिळतो. तुमच्यातल्या दोघा-तिघांनी प्रशिक्षण घ्या, पण महिन्यातून एकदा तज्ज्ञाला केस दाखवायची सोय असेल तरच सुरू करा.

पेपर या आकड्यांवर वाचू नका. 'एका गटाला सुट्टीनंतर, एका भाषेत, शिक्षकासमोर विचारलं तर काय चुकतं' या विषयावर वाचलात तर तो कितीतरी उपयोगाचा होईल आणि लाजण्यासारखं त्यात काही नाही. फॉर्म पुन्हा घ्यायचा तर जानेवारीचा दुसरा पंधरवडा बरा: नाताळ मागे पडलेला, शिगमो लांब, सेमिस्टर नुकतं सुरू झालेलं. कागदावर, मराठी-कोकणी-इंग्रजी तिन्हींत. पीएचक्यूची मराठी आवृत्ती आहे, शुल्क लागत नाही; कोकणीसाठी संगातकडे विचारणा करा, स्वतः रात्रीत भाषांतर करू नका. एकेक बाक सोडून बसवा, शिक्षक वर्गाबाहेर, कागद बंद पेटीत. पीएचक्यू-८, जीएडी-७, मदतीची ती ओळ, आणि एव्हरीडे डिस्क्रिमिनेशन स्केलची पाच प्रश्नांची छोटी आवृत्ती, म्हणजे भेदभाव अंदाजाने नव्हे, मोजून कळेल. शेवटी फाडून वेगळी टाकता येईल अशी चिठ्ठी: 'मला कोणाशी तरी बोलायचं आहे', नाव, फोन. ती पेटी रोज संध्याकाळी उघडायची, आणि चिठ्ठी आलेल्याला त्याच रात्री फोन.

तोवर कक्षाची वेळ बदला. वही उघडाल तेव्हा कोण कुठल्या वेळी आलं तेही बघा. कक्ष दुपारी तीन ते पाच उघडा असेल आणि सांग्याकडे जाणारी बस पावणेचारची असेल, तर त्या भागातलं एकही नाव वहीत असणार नाही. मधल्या सुट्टीची अर्धी वेळ आणि सकाळी पहिल्या तासाआधीची वीस मिनिटं ठेवा. आणि खोली प्राचार्यांच्या केबिनशेजारी असेल तर ती ग्रंथालयाच्या बाजूला हलवून घ्या.